पेरभर दोरा

७ मे
सगळ्यांच्या रजा रद्द. कागदावर सह्या घेतल्या. घाई करत होते, म्हणून मी मुद्दाम चष्मा पुसून सावकाश वाचला. रविवारीही काम. मोबाइल गेटवर जमा. शिफ्ट सुटेपर्यंत गेटबाहेर पाऊल नाही. आणि जिचा नंबर तिची जबाबदारी. लढाई संपेपर्यंत हे असंच. ती कधी संपणार ते कागदात नाही.

इतके दिवस तंबू आणि ताडपत्र्या शिवत होतो. आता फक्त छत्र्या. पॅराशूटला आमच्या शेडमध्ये छत्रीच म्हणतात. वर बर्फातल्या चौक्यांवर जवानांना औषधं आणि शिधा टाकतात, त्यासाठीच्या. चिकलठाण्याच्या उन्हात, तापलेल्या पत्र्याखाली बसून आम्ही बर्फातल्या छत्र्या शिवतो.

ह्यांना सांगितलं. एकदम ताठ झाले. संध्याकाळपर्यंत उस्मानपुऱ्यातल्या अख्ख्या बिल्डिंगला कळलं की नीलिमा देशसेवा करते. देशसेवेचा डबा मात्र पहाटे उठून मीच भरते.

८ मे
अंधार पाडायचा सराव. भोंगा, दिवे बंद, मशिनी बंद. आम्ही पाचजणी आपापल्या स्टुलावर. द्वारकाने माझा हात ओढून घेतला. मला वाटलं घाबरली. तर म्हणे बोटं सुजलीत तुमची. दिवे येईपर्यंत चोळत बसली.

द्वारका सोयगावकडची, मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातली. माझ्याहून बारा वर्षांनी लहान, पण इथली माझी गुरू. मी आले तेव्हा आयुष्यभर ब्लाउज शिवलेली बाई. इथे पट्ट्यांच्या जोडावर चौकोन घालायचा, आत फुली, तीन उलट टाके, मग दोरा पेरभर सोडून कापायचा. मी बुडापासून कापायची. ब्लाउजला दोरा लोंबला तर गिऱ्हाईक नाक मुरडतं. द्वारका हातावर चापट मारायची. "ताई, ह्यो नायलॉन हाय. बुडाशी कापला की सरकतो. पेरभर सोडा." आठवडाभर चापटा खाल्ल्या, तेव्हा सुटली सवय.

९ मे
सावड. हा शब्द लाइनीवर द्वारकानेच आणला. आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू. मी तो फक्त शाळेच्या पुस्तकात वाचलेला.

आमची सावड अशी: कुणी गोळी घ्यायला, पाय मोकळे करायला किंवा नुसतं रडून यायला उठली, की शेजारची तिचे जोड शिवते आणि तिच्या नंबराची चिठ्ठी लावते. चिठ्ठीवर नंबर आणि तारीख. ती शिवणीतच जाते. द्वारका चौदा, मी पंधरा, रेहाना सोळा. पलीकडच्या दोघी सतरा, अठरा.

परवाच्या कागदाप्रमाणे हा आता गुन्हा. आज रेहानाच्या पोटात दुखत होतं, दोनदा उठली. दोन्ही वेळा मी सोळा झाले. कागद आठवलाही नाही.

१० मे
जेवणानंतर वॉचमनचा निरोप: चौदा नंबरचा बाप गेटवर आलाय. द्वारकाची आई इथल्या शहरातल्या दवाखान्यात, परवापासून. ती सुपरवायझरकडे गेली. रजा नाहीच. फार तर गेटच्या आतून बोल म्हणाले.

म्हातारा बाहेर, ती आत, मध्ये गज. खिडकीतून दिसत होतं. त्याने घोंगडीत बांधून काही आणलं होतं. गाठोडं गजांतून जाईना, म्हणून तिथेच जमिनीवर सोडलं आणि एकेक भाकरी आत दिली. तिने एकेक घेतली. पाऊण तास.

तेवढा वेळ मी तिच्या मशिनीवर. अकरा जोड शिवले. हात इथे, डोळे गेटकडे.

आली, बसली, दोरा ओवला. "आय कुनालाच वळखंना म्हनतो बाबा." सुटताना एक भाकरी माझ्या डब्यात घातली.

११ मे, रविवार
गोळीबार थांबला म्हणे. हे खट्टू. भिंतीवरच्या नकाशात टाचण्या लावून बसले होते, आता काढाव्या की ठेवाव्या कळेना त्यांना.

शेडमध्ये टाळ्या वाजल्या. मग सुपरवायझर म्हणाले, ऑर्डर पुरी होईपर्यंत कागद कायम, रजा नाहीत. सगळ्यांचे हात खाली आले. द्वारकाने टाळ्या वाजवल्याच नव्हत्या. काल विचारलं, आज विचारलं, नाहीच म्हणतात. शिफ्ट सुटेपर्यंत दवाखान्यात भेटायची वेळ संपलेली असते. आई तीन मैलांवर, आणि ही इथे फुल्या घालतेय.

१३ मे
आज जे झालं ते नीट लिहायचं ठरवून बसलेय. नीट जमत नाही.

तयार मालातले काही जोड यंत्रात अडकवून ओढून बघतात. आज एक उसवला. चिठ्ठी काढली: चौदा नंबर, दहा तारीख. लाइन थांबवली. तुकडा सगळ्यांच्या हातून फिरवला, बघा म्हणाले, वर कोणाचा तरी जीव ह्याला टांगलेला असतो.

माझ्या हातात आला. दोरा बुडापासून कापलेला. साफ, सुबक, ब्लाउजला शोभेल असा. मी स्वतःचं अक्षर ओळखावं तसा ओळखला. सुटलेली सवय. सुटली कसली, लक्ष गेटकडे गेलं की हात आपला जुन्या वाटेने गेला.

द्वारकानेही ओळखला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, त्यावरून कळलं.

हे तुझं का, विचारलं. ती म्हणाली, "नंबर माझाच हाय." खोटं नाही बोलली.

मी बोलले नाही. इथे तरी लिहिते. मी बोलले नाही.

१४ मे
द्वारका निलंबित, चौकशी होईपर्यंत. लॉकरपाशी गाठलं तिला. म्हटलं, मी आत्ता जाऊन सांगते. माझं मनगट धरलं, अंधारात धरलं होतं तसंच. सावड उघडी पडली तर पाचहीजणी जातील म्हणाली. एकीवर भागतंय तर भागू द्या.

मी रडायला लागले. ती हसली. "रडू नगा ताई. रजा भेटली बगा मला." आणि सरळ दवाखान्याच्या रिक्षेत बसली.

१५ मे
चौदाची मशीन झाकून ठेवलीय. आमच्या दोघींच्या मधला पंखा आता एकट्या माझ्यावर येतो. लाज वाटते त्या वाऱ्याची.

ह्यांनी विचारलं, शिवलेला एखादा तुकडा दाखवायला आणता येईल का. मी खेकसले. बिचारे गॅलरीत जाऊन बसले.

१६ मे
काल डोक्यात आलं नाही, आज आलं आणि सुई बोटात गेली.

अकरा जोड शिवले होते. एक सापडला. दहा कुठे?

साळसूदपणे माल भरणाऱ्या मुलीला विचारलं. दहा तारखेचा माल दोनच दिवसांत गेला, पेट्या बंद करून. मग चौदा नंबरचे बाकीचे तपासले नाहीत का? तपासले ना, त्या तारखेचे चार तुकडे शिल्लक होते, ओढले, चारही पास. ते सकाळचे असणार. तिच्या हातचे. म्हणून त्यांनी ठरवलं की एकदाच चुकलं, बाई दमली असेल.

ती दुपार माझी होती हे मीच सांगितल्याशिवाय कोणी पेट्या परत मागवणार नाही. दहापैकी किती बुडापासून कापले, आठवत नाही. कदाचित एकही नाही. कदाचित दहाही. आठवायचा प्रयत्न केला की फक्त म्हातारा दिसतो, भाकऱ्या देताना.

१७ मे
रेहानाला सांगितलं. कोणाला तरी सांगायला हवंच होतं. नळावर हात धूत होतो. तिने धुतलेले हात परत धुतले. तिच्या घरी ह्या नोकरीवरून किती भांडणं झाली मला माहीत आहे. लग्नानंतर चार वर्षांनी घराबाहेर पडलीय पोरगी.

"तुम मुँह खोले तो हम पाँचों गए, बाजी." रागाने नाही म्हणाली. मग नळ बंद करून, "ऊपर बर्फ वाले का क्या, वो भी किसी का आदमी हैच," एवढं म्हणून आत गेली. म्हणजे काय करू, ते नाही सांगितलं.

१८ मे, रविवार
शिफ्ट सुटल्यावर दवाखान्यातून द्वारकाचा फोन. आईने ओळखलं तिला. तिच्या डोक्यावरून हात फिरवला, लहानपणीच्या नावाने हाक मारली. द्वारका फोनवर इतकी खूश होती की मला सांगवेना. शेवटी सांगितलं. दहा.

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"धा?" मग हळू, "म्या एकच समजले व्हते."

म्हटलं, तूच सांग आता काय करू. तू म्हणशील तसं. हे म्हणताना मला कुठेतरी वाटत होतं की ती गप्प राहा म्हणेल आणि मी सुटेन. इतकी मी हलकी.

"मी काय सांगू ताई. नंबर माझा हाय, हात तुमचा हाय."

पुढे आईला पाणी पाजायचं होतं तिला.

१९ मे
चौकशीचं पत्र. उद्या अकराला. शेजारच्या मशिनीवरची म्हणून मला साक्षीला बोलावलंय. एक फॉर्मही दिलाय, भरून आणायचा. तिसरा प्रश्न: सदर जोड कोणी शिवला? पुढे एक ओळ रिकामी. माझं नाव त्यात सहज मावेल.

आज लाइनीवर चौघीही एकमेकींशी फार गोड बोललो. सतरा नंबरने लोणचं आणलं होतं, मलाच जास्त वाढलं. तिला कोणी सांगितलं असेल का? सगळ्या माझ्या हाताकडे बघतात असं वाटतं. ह्या शेडला दोन दारं आहेत, आणि दोन्हींतून बाहेर पडलं तरी कोणीतरी आत राहतंच.

सुटायच्या आधी पट्ट्याचा एक टाकाऊ तुकडा घेतला. चौकोन, फुली, तीन उलट. दोरा बुडापासून कापला, सवयीप्रमाणे. चिठ्ठी माझी लावली, पंधरा. उसवलेल्याच्या शेजारी ठेवला तर आंधळ्यालाही कळेल की एकच हात. रेहानाने पाहिलं. तिने माझ्या नंबराची एक चिठ्ठी जास्तीची फाडून पुढे सरकवली. उसवलेल्या तुकड्याला लावायला की काय, ते मला अजून उलगडत नाही.

तुकडा लॉकरमध्ये आहे.

२० मे
सकाळ. डबा भरला. फॉर्म पर्समध्ये, तिसरी ओळ तशीच. पेनही घेतलंय, दोन.

हे नकाशासमोर उभे राहून चहा पीत होते. टाचण्या अजून काढलेल्या नाहीत. एवढी लवकर कुठे निघालीस, विचारलं. म्हटलं, सावड फेडायची आहे.

कोणाची, द्वारकाची की वर बर्फात बसलेल्या कोणाची, ते त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.