आक्काला आणायची गाडी

४ नोव्हेंबर
दुपारी गुंडूचा फोन. आक्काच्या, ह्यांच्या थोरल्या बहिणीच्या, शेजारचा. त्यांच्या वाडीवर रेंज नाही, कणकुंबीपर्यंत येऊन फोन करतो. आक्काचे दोन्ही डोळे गेल्यात जमा. सरकारी नर्सबाई बघून गेली, बेळगावच्या दवाखान्यात ९ डिसेंबरला ऑपरेशनची तारीख मिळाली आहे. चुकली तर परत कधी, कुणी सांगत नाही. गुडघा आखडलेला, चालवत नाही, मोटारसायकलवर बसवत नाही. जीपवाला यायला तयार आहे. आक्का तयार नाही.

"म्हातारी म्हणत्या, भावाच्या गाडीतनं येईन. त्या दिशी आली न्हाय ती गाडी येऊ दे आता."

मी म्हटलं, बघते.

गुंडू हसत होता. त्याला म्हातारीचा हट्ट वाटतो.

५ नोव्हें.
ही वही माझ्याशिवाय कोण वाचणार. लिहिते.

हे गेले त्याला येत्या माघात दोन वर्षं होतील. त्यांच्या घरातली रीत, भावाच्या तोंडात शेवटचं पाणी थोरल्या बहिणीनं घालायचं. तिला आणायला ह्यांचा कारखान्यातला दोस्त शिवाप्पा आमच्या व्हॅनची किल्ली हातात घेऊन दारात उभा होता. मी म्हटलं, नको, उशीर होईल. दहाव्याला आक्का आली तेव्हा सांगितलं की गाडी पाठवली होती, तुमच्या ओढ्यात अडकली, परत फिरली. शिवाप्पा शेजारीच होता. खाली बघत राहिला.

घाई होती हे खरं. पण तेवढंच खरं नाही. निपाणीहून लग्न होऊन आले तेव्हा आक्का दोन वर्षं माझ्या हातचं पाणी प्याली नव्हती. विड्या वळणारीच्या हाताला तंबाखूचा वास मारतो म्हणायची. ते मी तीस वर्षं

असो.

८ नोव्हें.
उद्यमबागेत कारखान्यात गेले. शिवाप्पा लेथवर होता. सगळं सांगितलं. लेथ बंद केला, हात पुसले. मग व्हॅनखाली सरपटत गेला आणि तिथूनच आवाज.

"वैनी, ही गाडी बाजारात कोबी न्यायची हाय. डोंगर चढायची न्हाय."

"चढवायची आहे."

"अय्यो. इंजनाखालचं चेंबर बगा, जमिनीपासनं वीतभर बी न्हाय. एक दगड लागला की सगळं ऑइल रस्त्यावर."

मग खडूनं फरशीवर चित्र काढलं. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एक पाटा वाढवायचा. पुढं शॉकअपच्या डोक्यावर दोन इंच जाड चकत्या बसवायच्या, म्हणजे नाक वर उचलेल. चेंबरखाली जाड पत्रा. टायर एक नंबर मोठे, जुन्या बाजारातले. नवीन काही घ्यायचं नाही. चकत्या तो स्वतः करणार. शेजारच्या फौंड्रीतून बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, दोन गोळे आणतो म्हणाला. इथं काय मागाल ते बिडाचं मिळतं.

निघताना म्हणाला, "आक्कानं मलाबी इचारलंतं दहाव्याला. कुठल्या दगडाला अडकली म्हणून." मी गाडी सुरू केली.

१३ नोव्हें.
पत्रा बसला. शि. खाली उताणा, मी बॅटरी धरून उकिडवी. भोकं जुळेनात. एक जुळलं की दुसरं सरकतं. हे असते तर दोघं भांडले असते आणि मी चहा टाकला असता. आज चहा कुणी टाकलाच नाही.

१५ नोव्हें.
इथं पिरनवाडीत आमच्या गल्लीभर बातमी. समोरची: "काकू, या वयात गाडी उंच करून कुटं निगालाय? लग्नाच्या वरातीत?" मी म्हटलं, हो, नवरी आणायला. हसली. मीही हसले, घरात येऊन दार लावलं.

लेकीचा फोन पुण्याहून. आई, जीप कर ना सरळ. तिला कसं सांगू. तिलाही ओढ्याचीच गोष्ट माहीत आहे.

१८ नोव्हें.
पाटा, चकत्या, टायर, सगळं झालं. व्हॅन बगळ्यासारखी दिसते. सीटवर चढताना दाराला धरून उडी मारावी लागते. वळणावर डुलते. स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की टायर आतल्या पत्र्याला घासतो, शि.नं हातोडीनं कड ठोकून आत घातली. दोनशे ठोके तरी असतील, सगळे माझ्या डोक्यात.

एकटीनं गाडी चालवायला शिकले ते हे गेल्यावर, चोपन्नाव्या वर्षी. अक्षरंही अशीच उशिरा शिकले, तंबाखूच्या पोत्यांवरची नावं वाचत. दोन्हीला शिकवणारं कुणी नव्हतं. सवय आहे.

२२ नोव्हें.
जांबोटीच्या अलीकडं कच्च्या रस्त्यावर नेऊन बघितली. शि. शेजारी. दोन खड्डे नीट पार. तिसऱ्याला नारळ फुटावा तसा आवाज आणि डावीकडं पुढून गाडी खाली बसली.

चकतीचे तीन तुकडे.

शि. तुकडे हातात घेऊन दगडावर बसला. मी रागावले नाही, तेच त्याला सहन झालं नसावं.

"बीड वाकत न्हाय, फुटतंय. पोरासोरांना शिकिवतोय मी. आन् मीच..."

"मलाही माहीत होतं," मी म्हटलं. खरंच होतं. तीस वर्षं जेवताना ह्यांच्याकडून दुसरं काय ऐकलं? ठोका सोसायचा असेल तिथं बीड नको. पण चकत्या ठरवताना दोघांपैकी एकाच्याही तोंडातून ते निघालं नाही. बीड समोर होतं, घेतलं.

"फौंड्रीशेजारच्या माणसाला बिडाशिवाय काय दिसतच न्हाय, वैनी."

टो करून आणली.

२४ नोव्हें.
दोन्ही चकत्या काढल्या. पोलादाच्या करायच्या तर लेथ पंधरा दिवस दुसऱ्या कामात अडकलेला. मागचा पाटा एकटा ठेवला तर नाक खाली झुकतं, म्हणून तोही काढला. गाडी होती तशी खाली. राहिलं काय, तर पत्रा आणि टायर.

शि. बराच वेळ डोकं खाजवत होता. मग म्हणाला, "हिला उंची नगं. ही मागच्या चाकानं पळत्या. मागं वजन पायजे. वाळूची चार पोती टाका, चाकातली हवा निम्मी करा, टायर दगडाला धरतोय. परत येताना पायानं पंप मारून भरा."

"एवढंच?"

"येवडंच."

"मग त्या दिवशी गेली असती?"

"वैनी, ते मला इचारू नगा."

२६ नोव्हें.
 विकत आणलेल्या दुधाच्या पिशवीवरची तारीख मोठ्यानं वाचली, दिवसभरात तेवढाच आवाज घरात.

२९ नोव्हें.
पोती टाकून एकटीच गेले, रस्ता बघायला. कणकुंबीपुढं डांबर संपलं तिथं थांबून चारी चाकांची हवा कमी केली. गाडी जमिनीला घट्ट धरून चालते, जडशीळ बाई चालावी तशी. पहिल्या गिअरमध्येच ठेवायची, मध्ये क्लच दाबायचा नाही. चर वाचवत एक चाक मधल्या उंचवट्यावर, एक कडेला. पत्र्याला तीनदा दगड लागला.

ओढ्यापाशी गुंडू भेटला, म्हशी घेऊन. पाणी घोट्याएवढं. खाली सपाट कातळ.

मी विचारलं, हाच ओढा?

"ह्योच की. दुसरा कुटला? आता पानी तरी हाय. माघात यून बगा, पाय भिजत न्हाय. पाववाला येतोय की रोज उन्हाळाभर, अस्सलीच व्हॅन घिऊन."

"आक्काला माहीत आहे? पाववाल्याचं?"

"तिच्या दारातच हारन वाजिवतोय. खारी घेत्या ती."

निपाणीच्या कोरड्या भागातल्या माणसाला पावसाळी कणकुंबी म्हटलं की बारा महिने पाणीच दिसतं. म्हणून मी खोटं बोलताना ओढा निवडला. कुठला महिना आहे ते बघितलं नाही. म्हणजे दहाव्याला मी बोलत होते तेव्हाच तिला कळलं होतं. दोन वर्षं गप्प बसली.

ओढ्याच्या अलीकडूनच गाडी फिरवली. गुंडू ओरडत होता, "आवो वैनी, घर दिसतंय की हितनं!"

२ डिसेंबर
शि.कडं गेले. सांगितलं, आक्काला ठाऊक आहे. म्हणाला, मी येतो संगं, चूक माझीबी हाय, मीबी गप बसलो. मी नको म्हटलं. पुढच्या सीटवर आक्का बसणार, मागं पोती. त्याला कुठं बसवू? हे कारण. कारण सांगायला मी पटाईत.

तारीख ९. न गेले तर तिचे डोळे जातील. गेले तर, त्या दिवशीही येता आलं असतं हे तिच्या दारात जाऊन मीच दाखवल्यासारखं.

७ डिसें.
गेले. ओढा दोन मिनिटांत पार झाला. दोन मिनिटंसुद्धा नसतील.

आक्का उंबऱ्यावर. आवाजानं ओळखलं. काठी टेकत आली, गाडीवर हात फिरवला, बॉनेट, काच, दाराचा चेचलेला कोपरा. तिथं थांबली. "बाळूनं गोठ्याला धडकावलीती न्हवं ही?" मला माहीतच नव्हतं. हे मला म्हणाले होते, उद्यमबागेत कुणीतरी ठोकली.

आत नेलं. पाणी मागितलं तिनं. मी घागरीतून तांब्या भरून दिला, प्याली. मग रटरटणारं कुळथाचं पिठलं तिनंच ढवळलं, दिसत नसताना. मला म्हणाली, "वाळलीयास." दिसत नाही तर कसं कळलं? मनगट धरलं होतं माझं.

जेवताना सांगायचंच म्हणून तोंड उघडलं. आक्का, त्या दिवशी गाडी... तिनं हात वर केला.

"जेव आदी."

जेवण झालं. ताटं घासली. मग स्वतःच म्हणाली, "उद्या जाताना ओढ्यात थांबीव. कुटं अडकलीती ती जागा दाव मला."

मी म्हटलं, तुम्हाला दिसणार नाही.

"न्हाईच दिसत. तू थांबिवशील तितं उतरीन, हात लावून बगीन. तू सांगशील त्यो दगूड."

८ डिसें. सकाळ
झोप नाही. ती मात्र घोरत होती.

चाकं तपासली. पोती नीट रचली. पुढची सीट पुसली. गाठोडं तिनं पहाटेच बांधलं होतं, आता गाडीत बसून आहे, मांडीवर काठी आडवी धरून. गुंडू दाराशी उभा राहून तिला चिडवतोय, म्हातारे, परत आलीस की माझं तोंड बगून म्हणशील आंधळीच बरी हुते. तिनं काठी उगारली.

"काय लिवत बसलीस गं? चल की, तारीख चुकंल."

आले म्हटलं.

इथून ओढा दहा मिनिटांवर. पहिल्या गिअरमध्ये गेलं तर थोडी जास्त.