खाजणाचं पाणी

२ मे १९५४
अमावास्येचं उधाण. बाळकुमची खाडी आमच्या बांधाच्या दारावर, उघाडीच्या फळ्यांवर धडका मारत होती. तरी फळ्या उचलल्या नाहीत.
उन्हाळ्यात खाजणातल्या कोळंबीच्या तळ्याचं पाणी आटून खाडीहून खारट होतं, मग फळ्या उचलून खाडीचं आत घ्यायचं. कधी घ्यायचं ते आमची सगुणा सांगते. लग्न झाल्यापासून तिच्याच जिभेवर कोळंबी पोसतोय. आता अंथरुणाला खिळलीय, म्हणून तांब्यात नेतो. बोट बुडवून चाटते. "अलनी हाय अजून. फल्या नका उचलू."
मला तर जहर खारट लागलं! पण माझी जीभ तंबाखूने मेलेली. तिचंच खरं.

९ मे
पहाटे कोळंबी काठाला — मिशा पाण्याबाहेर काढून! धावत जाऊन फळ्या उचलल्या. पण उधाण ओसरलेलं, भांगाची मरतुकडी भरती, पाणी फळ्यांपर्यंत चढेचना. शेजारचा भिवा ओरडला, "काका, उधानाला झोपलेलाव काय?"


१० मे
सगळी गेली. पाट्या भरभरून पुरली. सगुणाला बोललो नाही.
दुपारी सून लक्ष्मीने पेजेत चुकून दोनदा मीठ घातलं. मला घोट गिळवेना. सगुणा वाडगाभर प्याली, वर म्हणते, "सूनबाय, मिठाला हात आखडतीस का गं?"
लक्ष्मी हसली. मी उठून बांधावर जाऊन बसलो. कोळंबी काय, परत येईल. पण माझ्या सगुणेची जीभ गेली, आणि मला पत्ता नाही! आजार एवढा आत शिरलाय तर.

१३ मे
तांब्या रोज मागते. खाजणाला वास मारतो, म्हणून विहिरीचं नेतो. चाटून म्हणाली, "आता बरोबर झालं. मोठी झाली असल ना कोलंबी?"
"हाताएवढी!"
"फेकू नका," म्हणून हसली. किती दिवसांनी हसली!

१७ मे
पुनवेचं उधाण. नवं पाणी आत घेतलं. तांब्या घेऊन गेलो तर तिने चाटलंच नाही. माझा हात धरून ठेवला.
"विहिरीचं पानी गार असतं वो. खाजनाचं कोमट. बोटाला कलतं. सगली मेली ना? मला पयल्याच दिशी कललं."