वशराम लुहाराच्या काट्यातला पासंग

सावरकुंडला,
पोष वद सातम

चि. जेंतीस लाभुकाकाचे अनेक आशीर्वाद. तू तिकडे मस्कतात खुशाल असशील, वेळेवर जेवत असशील, अशी आशा करतो. इकडे माझा गुडघा, तुझ्या काकीचा दमा आणि आमची म्हैस तिघंही यथास्थित. (तिघांत दूध म्हैस देते, बाकीचे दोघे नुसते कण्हतात.) तुझी आई, उजीबा, जेवते. किती जेवते, ते विचारू नकोस.

तुझं पत्र पोचलं. मी ते तीनदा वाचलं, शेवटच्या खेपेला चष्मा पुसून. बापूजींच्या अस्थींतला अर्धा भाग विनू सोनीबरोबर मस्कतला पाठवावा, तिथल्या समुद्रात मी सोडीन, मोठ्या भावाचे उपकार नकोत, काट्यांचा कारखाना त्याला दिला तेव्हाच बापाने माझा हिशेब संपवला, असं तू लिहिलं आहेस. बाबा रे, अस्थी म्हणजे काय लोणचं आहे, एक बरणी तुला आणि एक त्याला? पण तू ये, असं मी म्हणणार नाही. तू आता मोठा झालास, पगार मिळवतोस, विमानात बसतोस. इकडे काय काय घडलं ते फक्त कळवतो.

वशराम गेला तो चहा पिता पिता. बशी ओठाला लावली, म्हणाला, "उजी, आज साखर कमी आहे," आणि गेला. तुझी बा आत जाऊन साखर घेऊन आली. ती चिमूट अजून तिच्या पदराच्या गाठीत आहे. कुणी सोडायला गेलं की हात झटकते.

तुझी तार आली, शेठ रजा देत नाही. बरं. उचलायला माणसं होती. स्मशानाच्या वखारीत मात्र सगळी यात्रा अडली. तिथे लाकडं तोलून मिळतात हे तुला ठाऊक आहेच. वखारवाल्या भीखाने मोठ्या काट्यावर ओंडके चढवले आणि तुझ्या भावाने, कानजीने, तो काटा नुसता पाहिला. मेली तुम्हा लुहारांची नजर! म्हणाला, "भीखा, दांडी खोटी आहे तुझी."

भीखा म्हणाला, "अरे भाई, मेलेल्या माणसाला काय कमी नि काय जास्त!"

"मेलंय कोण ते आधी बघ."

मग काय, वशरामला सावलीत ठेवला आणि त्याच्या लेकाने वखारीचा काटा उतरवून घेतला. कुणीतरी कारखान्यातून कानस आणायला धावलं. तासभर दांडी घासणं चाललं होतं. भटजी घड्याळ बघतायत, भीखा शिव्या देतोय आणि आम्ही म्हातारे रांगेने बसून काटा बरोबर होण्याची वाट बघतोय. मी तीस वर्षं तोलमाप खात्यात काट्यांवर शिक्के मारले. वशरामच्या हातचे हजारेक काटे माझ्यापुढून गेले असतील, एकही परत पाठवावा लागला नाही. तेव्हा खरं सांगतो, मला त्या उशिराचा राग आला नाही. खोट्या तोलाच्या लाकडांवर तो जळलाच नसता, उठून बसला असता.

पाच वर्षांपूर्वी हात कापायला लागले म्हणून त्याने काम सोडलं, तेव्हापासून तो सकाळी भाजीबाजारात जाऊन बायकांचे तराजू तपासायचा. काही घेणं नाही, देणं नाही. तो दिसला की वांगीवाल्या तराजू पदराखाली लपवायच्या आणि त्याला दोन मिरच्या देऊन वाटेला लावायच्या. त्या मिरच्या तो घरी आणायचा, उजीबाच्या हातावर ठेवायचा. आयुष्यात त्याने दुसरं काही केलं नाही, जेंती. भट्टीवरून घरी आणि घरून भट्टीवर. कधी नाटकाला गेला नाही, कधी आमच्यात पत्ते कुटायला बसला नाही. आंबा असो, पेढे असोत, घरात आलेली वस्तू तो तुम्हा दोघांत घरच्या लहान काट्यावर तोलून वाटायचा. डाव्या पारड्यात कानजीचं, उजव्यात तुझं. दांडी सरळ झाल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. त्याचा स्वतःचा वाटा त्या पारड्यात पडलेला मी कधी पाहिला नाही.

आता तुझ्या पत्राची गोष्ट. मी ते ओसरीवर वाचून दाखवलं. (वाचायला नको होतं, पण मला पत्र मनात वाचता येत नाही.) तुझी बा भिंतीला टेकली. कानजी म्हणाला, "मागतोय तर द्या अर्धं." माळ्यावरून तोच घरचा काटा काढला. अस्थींचं मडकं दारातल्या लिंबाला टांगलेलं आहे, ते उतरवलं. तोलायला मला बसवलं, कारण मी सरकारी माणूस. पेन्शनीत गेलो तरी सरकारीच.

काटा आधी रिकामा बघायचा, हा तुझ्या बापाचाच नियम. मी दांडी उचलली. डावं पारडं खाली गेलं. मला वाटलं माझाच हात हलला. पुन्हा उचलली, पुन्हा डावं खाली. वशराम लुहाराच्या घरचा काटा खोटा! मी तो खाली ठेवला.

तुझी बा पुढे आली आणि तिने डावं पारडं उलटं केलं. खाली लाखेचा गोळा चिकटवलेला, सुपारीएवढा. म्हणाली, "जेंती तापातून उठला ना, त्या वर्षी ही लाख लावली यांनी. जेंती सुकून गेला होता, त्याला थोडं जास्त जावं म्हणून. उघड द्यायचं तर कानजीला वाईट वाटलं असतं."

म्हणजे प्रत्येक आंब्यात, प्रत्येक पेढ्यात त्या सुपारीएवढं कानजीला कमी आणि तुला जास्त. पुढे तू रेड्यासारखा झालास, तरी त्याने ती लाख काढली नाही. ज्या माणसाने जगात कुणाला गुंजभर कमी तोलून दिलं नाही, त्याने स्वतःच्या घरात पासंग ठेवला, आणि तो तुझ्यासाठी ठेवला. तू लिहितोस, बापाने हिशेब संपवला. मी त्या ओसरीवर रडलो. सांगायला लाज वाटत नाही.

तेव्हा अर्धा भाग पाठवता येत नाही, क्षमस्व. घरात खरा काटा नाही. मडकं पुन्हा लिंबाला टांगलं आहे. विनू सोनीबरोबर बाने गाठिये पाठवले आहेत, ते खा आणि प्रकृतीस जप.

तुझा,
लाभशंकर

ता. क. वर मी तू ये असं म्हणणार नाही, असं लिहिलं. ते तुझा राग वाढू नये म्हणून. उजीबा म्हणते, अस्थी सोडायला दामोदर कुंडावर मडकं दोघांच्या हाताने जाईल, नाहीतर लिंबावरच राहील. पाखरं बसू नयेत म्हणून ती दिवसभर खाली काठी घेऊन बसते. तिचं वय काय, ऊन काय! शेठच्या पाया पड, नाहीतर त्याला माझ्या नावाने शिव्या दे, पण रजा काढ.

ता. क. दुसरा. लाख निघाली तेव्हा कानजीच्या तोंडावरची रेघसुद्धा हलली नाही. मला वाटलं, बिचाऱ्याला धक्का बसला. दुसऱ्या दिवशी भट्टीवर जाऊन त्याची समजूत घालायला लागलो, तर म्हणाला, "काका, मला नऊ वर्षांचा असल्यापासून ठाऊक आहे. धनतेरसला पारडी मीच घासायचो. एकदा घासताना ती निघून आली, तर बापूजी यायच्या आत मीच तापवून परत चिकटवली. तापाने जेंतीची तेव्हा मानसुद्धा धरत नव्हती." हे तुला कळवायचं नाही म्हणून त्याने मला जानव्याची शपथ घातली आहे. मी ती मोडली. आता तू आला नाहीस, तर म्हातारपणी केलेलं हे पाप माझं फुकट जाईल.