लीलाच्या शालीची कसर

अमरावती, नोव्हेंबर २००६

चि. चंद्रभान यास खुशालरावाचे आशीर्वाद. सौ. सीमाचा गुडघा आता जिना चढू देतो की नाही, ते कळव. तुझी बहीण लीला गेल्यापासून घरात बोलायला माणूस नाही, तेव्हा पत्र लांबले तर (तू जांभया देशील, ठाऊक आहे) सांभाळून घे.

मोझरीला लीलाच्या खंजिरी भजनाचा सत्कार झाला, तेव्हाची लोकरी शाल तुला आठवत असेल. (सोबतचे नारळ तू परतीच्या एसटीतच फोडून खाल्लेस.) ती शाल मी आमच्या संस्थेच्या वस्तुसंग्रहालयाला दिली. मी तिथलाच कारकून, त्यामुळे रोज दिसते. पोळ्यानंतर तिच्या काठाला कसर लागलेली दिसली आणि माझा जीव खाली-वर झाला. किडीवर मादीच्या गंधाने नर ओढणारा कामगंध सापळा लावावा, हे आपल्या तेल्हाऱ्याकडे कुणीही सांगेल. मी कृषी केंद्रातून एक आणून शालीच्या कपाटाशेजारी टांगला आणि वाऱ्यासाठी खिडकी उघडी ठेवली. सकाळी सापळ्याची पिशवी पतंगांनी भरलेली! मी खूश. पण ते सगळे बोंडअळीचे नर निघाले, संस्थेमागच्या महादेवरावांच्या कपाशीतून आलेले. यंदा अळीने बोंडे पोखरून त्यांच्या तोंडचे पाणी पळवलेले, तरी खिडकीशी येऊन म्हणतात, "काहून हो खुशालराव, माह्या वावरातले पाखरं तुमी अंदर बोलावून राहिले? बोलवा, बोलवा! तिकडची खिडकीबी उघडा, माहा फवारा वाचते."

शेवटी प्राणिशास्त्राच्या सबीहा मॅडमना विचारले. प्रत्येक जातीच्या मादीचा गंध वेगळा असतो म्हणे. "कसरीचा नर दुसऱ्या गंधाकडे ढुंकूनही पाहत नाही, खुशालरावजी. माणसांपेक्षा बरा." त्यांनी कसरीचे चिकट सापळे मागवले. सर्वांत जास्त नर शालीजवळच अडकले, म्हणजे कीड तिथेच आहे हे कळले. पण लोकर खाणारी अळी काही सापळ्यात येत नाही. (त्या नरांचे मला थोडे वाईट वाटले. गंध होता, पण तिथे कुणीच नव्हते.)

घरात सर्वांना आशीर्वाद.

तुझा भाऊजी,
खुशालराव

ता. क. अळी मारायला शाल पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे बर्फाच्या गारठ्यात ठेवावी लागते. संस्थेकडे फक्त माठ आहे. तुझ्या कुल्फीच्या दुकानात मोठा फ्रीजर आहे. रविवारी शाल घेऊन अकोल्याला येतो.

पुन्हा ता. क. सीमा मायेपोटी ती धुवायला काढील. धुऊ देऊ नकोस. लीलाने अंगावरून काढून ठेवली तशीच मला हवी आहे. ती परत संग्रहालयाच्या कपाटात जाणार नाही, असे संस्थेला कळवले आहे.