लाख भरलेलं चाक

३ मे, शनिवार

सुट्टी. म. ७, म्हणजे यादीतली सातवी शिलाई मशीन, बाहेर काढून तेलपाणी केलं. विलायती हातमशीन, सोनेरी वेलबुट्टी अजून शाबूत, होडीसारखं लांबट शटल. नंबरावरून पाहिलं तर आजीच्याही आधीची. माझ्या सतरा मशिनींत हीच लाडकी. फक्त चाक तिचं नाही. मूळचं तुटकं होतं, दोन वर्षांपूर्वी भंगारातल्या एका मशीनचं काढून बसवलं. कुणाच्या लक्षातही येत नाही.

ह्यांचं सकाळी चालू झालंच. "क्वार्टर मशिनीइच्या नावानं हाय, आपन भाड्यानं राहतो." हसले नाही. हसलं की चढतात.

आई कालपासून इथं जवाहरनगरला. शहापूरच्या घरी एकटी, डोळ्यांना अंधूक दिसतं, वरून हे ऊन. दुपारी म. ७ जवळ बसून चाक फिरवत होती. एकदम थांबली.

"हे चाक माह्यं हाय."

मी म्हटलं, आई, तुझी मशीन गेली तेव्हा मी चौथीत होते.

"आतून बोट फिरव. टवका निघाला होता, हाताले लागे. लाखेच्या बांगड्यावाल्याकडून लाख भरून घेतली होती मीनं."

बोट फिरवलं. आहे. लाख आहे! मी इतके दिवस कुणाचीतरी जुनी डागडुजी समजून ठेवली होती. अंगठ्याला बरी लागते म्हणून खरवडली नाही.

बाप्पा. चहा उतू गेला, ह्यांनी बंद केला.

४ मे

झोप नाही. मी ह्या मशिनी जमवते कशासाठी? आईची सापडावी म्हणून. लोकांना सांगते इतिहास, छंद, जुनी कारागिरी. तेही खोटं नाही, पण मूळ हे. नवी मशीन घरी आली की आधी आईच्या हाताखाली. ती चाक फिरवणार आणि म्हणणार, "नाई, हे नोहे." सतरा वेळा ऐकलंय. म. ७ चं चाक बदललं, त्यानंतर ती परत तिच्या हाताखाली गेलीच नव्हती.

आणि जी खरी होती ती आईपर्यंत नेलीच नाही. कारण ती मशीन नव्हतीच, गंजाचा गोळा होता. चिखल बसलेला, सुईदांडी जाम. रॉकेलमध्ये बुडवून ठेवली, चाक तेवढं सुटून आलं. धड परत भंगारात. आम्ही जमवणारे सगळे हेच करतो, एक मारून दुसरी जगवतो. आईची मशीन मी माझ्या हातानं भंगारात घातली!

आईला त्याचं काही नाही. तिचा राग जुन्याच जागी. "शांताले भेट म्हनतेस न मले? पाय आता. चोरी गेली म्हने! इकून खाल्ली तिनं."

शांतामावशी, आईची पाठची बहीण, चिखल्याला. तिचे यजमान, काका, तिथल्या खाणीत होते. त्या वर्षीच्या लग्नसराईत आईनं मशीन तिला वापरायला दिली. मग निरोप आला, मशीन चोरीला गेली. आईनं तेव्हापासून तिचं तोंड पाहिलं नाही. काका वारले तेव्हाही गेली नाही. मी लपूनछपून मावशीला फोन करते.

आता चाक मिळालं म्हणजे मावशी खोटी ठरणार? नको वाटतंय.

६ मे

ड्यूटीवरून थेट भंडाऱ्याला, कय्यूमभाईच्या भंगारच्या दुकानात. तो गंजाचा गोळा त्याच्याकडूनच आणला होता. आधी धडाचं विचारलं. ते केव्हाच वितळायला गेलं. मग विचारलं, मशीन आली कुठून, तुमसरकडून? चिखल्याकडून?

"नहीं ताई, वो तो आपकेच शहापूर का माल था. बोडी का गाळ निकाला न, तो जेसीबीवाले को मिला."

कोणती बोडी?

"वो बडे पिपल के पास की."

आमच्या घरामागचं तळं! मी तिथल्याच स्टुलावर बसले. त्यानं पाणी दिलं, पंखा माझ्याकडे फिरवला. दोन वर्षांपूर्वी का नाही सांगितलंस म्हणून त्याच्यावरच ओरडले. बिचारा म्हणाला, "आपने पूछा कब?"

मशीन चिखल्याला होती. चोर ती उचलून, एस.टी.त घालून, आमच्याच घरामागं आणून बुडवतो? कोणता चोर असं करेल?

ह्यांना सांगितलं. पहिल्यांदाच चेष्टा केली नाही.

७ मे

सांगू की नको. शेवटी स्वयंपाक करताना पाठमोरी राहून सांगून टाकलं.

आई तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही. निवडता निवडताच म्हणाली, "लगनसराईतच एका दिवशी तुहे बाबा मांडीलोक चिखलानं भरून आले होते. मी म्हटलं काहून? म्हने म्हैस फसली होती बोडीत."

मी म्हटलं, मग?

"आपल्या घरी म्हैस कवा होती वं?"

नाही. नाही. बाबा नाही.

८ मे

कामात लक्ष नाही. सुपरवायझर म्हणाले, घरी जा.

बाबा राइस मिलमध्ये फिटर होते. आता विचारायला तेही नाहीत. मला पाना धरायला त्यांनी शिकवलं. पोरीला आयटीआयला घालतो म्हणून गाव हसलं, तर गावाला पुरून उरले. ह्या मशिनी मी ज्या पान्यानं खोलते तो त्यांचाच.

आई शिवायची त्याचं त्यांना काय वाटायचं, आठवत नाही. एवढं आठवतं, घरात ब्लाऊजवाल्या बायका आल्या की बाबा ओट्यावरून उठून जायचे. मला वाटायचं, लाजतात. बायकोची कमाई बोचत होती का?

९ मे

मावशीला फोन केला. जयभीम झालं, तब्येत झाली. मग म्हटलं, मशीन सापडली. बोडीत.

मावशीनं मागं चालू असलेला टीव्ही बंद केला.

"बोडीत?" मग रडणंच. "मी समजत होती भाऊजीनं इकली असन."

म्हणजे?

"भाऊजीच घेऊन गेले होते न पोरी. बाईनं, तुह्या मायनं मंगवली म्हने. मीनं देल्ली. चार दिसानं परत आले, माह्या दारात हात जोडून उभे. म्हने, चोरी गेली म्हून सांग. खरं सांगशीन तं तुही बहीन घर सोडन. पोरगी लहान हाय."

आणि तू ऐकलंस?

"मंग काय करू? तिचा संसार मोडू? मले वाटलं चार म्हयने रुसन, मंग येईन. आलीच नाई."

काका वारले तेव्हा तरी सांगायचं! मी चिडलेच. मावशीवर कशाला चिडले? मग मीही रडले.

इतकी वर्षं चोर म्हणवून घेतलं. आणि लहान पोरगी म्हणजे मी.

१० मे

आईला सगळं सांगितलं. वाटलं ओरडेल, रडेल. तिनं म. ७ कडे बोट केलं, "चाक काढून दे."

बाबांचा पाना हातात घेतला आणि ठेवून दिला. शेजाऱ्यांचा मागून आणला.

आई चाक उशाशी घेऊन झोपली. रात्रभर कूस बदलत होती. मीही.

१२ मे, सोमवार. बुद्धपौर्णिमा

आई पहाटेच तयार. पांढरी साडी, चाक टॉवेलात गुंडाळून पिशवीत. वंदना घेतली. दर पौर्णिमेला बुद्धांपुढे फुलं वाहून एक फूल बाबांच्या फोटोला घालते. आज माझ्याकडच्या फोटोपुढे ते फूल हातातच राहिलं. मग ते पिशवीत टाकलं.

ह्यांनी गाडी काढली. तुमसर गेलं तरी आई पिशवी मांडीवरच धरून.

मावशी दारातच होती. किती वाळलीय! आईनं टॉवेल सोडून चाक तिच्या हातात दिलं. मावशीचं बोट आपोआप लाखेवर गेलं. तिनंही त्याच चाकावर शिवलं होतं की लग्नसराईभर.

"बाई, मी सांगाले पायजे होतं."

"मी इचाराले पायजे होतं," आई म्हणाली. "पन तो मानूस रोज माह्यासंगं जेवला वं शांता. रोज. अन् मी तुले शिव्या देल्ल्या तं आयकत राहे."

आम्ही बाहेर येऊन थांबलो. ह्यांनी डोळे पुसले, मला दिसू नये म्हणून गाडीची काच पुसू लागले.

निघताना आई आलीच नाही. "तुमी जा. मी राहतो."

किती दिवस?

"पाहू."

पायऱ्या उतरले तेव्हा मागून हाक. "तुह्या बाबाचा फोटो भितीवरून काढू नोको. अन् फूल बी घालू नोको. मी आल्यावर पाहीन."

आत्ता त्याच फोटोसमोर बसून लिहितेय. कोपऱ्यात म. ७ बिनचाकाची. काहून बाबा? तुमाले बोडीच सापडली?