दुसरं गिधाड

१४ डिसेंबर, रविवार

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघी ठीक आहोत. आईचे गुडघे कुरकुरतात, आई कुरकुरत नाही. चार वर्षांत तुला पत्र लिहिलं नाही, आज लिहितेय तेही चिडचिड कुठेतरी ओकायला हवी म्हणून.

काल तुमच्या त्या कॉमिकवाल्यांच्या संमेलनाला गेले होते, कॅमेरा घेऊन. तिथे वेष घेऊन फिरतात, त्यांत तू यंदा गिधाड होणार, असं तुझ्या जुन्या दोस्ताने सांगितलं. म्हटलं, आईसाठी एक चांगला फोटो काढावा. तिला तुझा फोटो हवा आहे, बाकी काही मागत नाही ती.

हौशी माणसाने अशा ठिकाणी कॅमेरा घेऊन पाऊल टाकू नये रे. दोरीच्या पुढे फक्त गळ्यात बिल्ला असलेले. फ्लॅशला बंदी, वर पिवळे दिवे, सगळ्यांना कावीळ झाल्यासारखी. नेम धरावा तर मध्ये कोणाची तरी सॅक, नाहीतर मोबाईल धरलेला हात. एका लांबलचक लेन्सवाल्याने विचारलं, "काकू, जरा खाली बसता का?" बसले. तर एका राक्षसाची शेपटी थेट तोंडासमोर, आणि फोकस सारखा त्या शेपटीवरच जाऊन बसतोय. मेली ती हौस. दोनशे फोटो काढले, त्यांत निम्मे लोकांच्या कोपरांचे.

पण गिधाड सापडलं. काळे पंख, वाकडी चोच, पूर्ण मुखवटा. पाच तास त्याच्या मागे मागे फिरले, पायांचे तुकडे पडले. शेवटी ते खिडकीशी एकटं उभं होतं, उजेडही बरा होता, तेव्हा एक फोटो झकास आला. मग धीर करून जवळ गेले आणि इतकी वर्षं जे बोलायचं होतं ते एका दमात बोलून टाकलं.

गिधाडाने चोच काढली. आत पन्नाशीचे एक टकले गृहस्थ, घामाने निथळत होते. म्हणाले, "ताई, मी तुमचा भाऊ नाही हो. पण हे त्याला सांगाच." दुसरं गिधाड वरच्या मजल्यावर आहे, असंही म्हणाले. मी जिन्यापर्यंत गेले आणि परत फिरले. गर्दीचं निमित्त कशाला सांगू, भ्यायले.

घरी येऊन आईला तोच फोटो दाखवला, तुझा म्हणून. हो, इतकी निर्लज्ज आहे मी. तिने चष्मा कपाळावर चढवला, फोटो डोळ्यांशी धरला. म्हणाली, "हा आपला नव्हे. आपला डाव्या पायावर रेलून उभा राहतो." पाच तास मी लेन्समधून बघत होते, मला ते दिसलं नाही.

मग तिने विचारलं, "त्याला सांगितलंस का?"

तर ऐक. तू आठ महिने खपून केलेले ते पहिले पंख आईने टाकले नाहीत. ते मागच्या खोलीत माझ्या कॅमेऱ्यावर कोसळले, नवी लेन्स फुटली आणि माझं डोकं फिरलं. कचऱ्याची गाडी दारातच होती. मी स्वतः नेऊन दिले. संध्याकाळी तू विचारलंस, तेव्हा मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "मीच दिले." तुझं-माझं वाजू नये म्हणून. तू तिला नको नको ते बोललास. मी समोर बसून भाजी चिरत राहिले. तू बॅग भरलीस तेव्हाही गप्प, आणि चार वर्षं ती रोज फोनकडे बघत राहिली तेव्हाही गप्प.

माझ्याशी बोलू नकोस, चालेल मला. चालणार नाही, पण सोसेन. तिला मात्र फोन कर. आणि फोटो तूच पाठव तिला, मुखवट्याशिवायचा. माझ्या हातून तो निघायचा नाही.

पंख फेकणारी,
तुझी ताई