दातांनी ऐकलेलं इंजिन

जळकोट,
गुरुवार, १९ जानेवारी १९८४

प्रिय विरुपाक्ष,

काल दुपारी मी नळदुर्गला तुझ्या अंगणात येऊन गेलो, हे तुला माहीत नाही. तू पाटावर बसून राजदूतची चाकं पुसत होतास आणि मी तुझ्या पाठीमागं उभा होतो. तुला न भेटताच परत फिरलो. एसटीत बसलो तर जळकोट आलं तरी उतरायचं भान नाही. पार येणेगूरला उतरलो आणि उलट्या गाडीनं घरी आलो. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. आज सकाळी दाढी करताना अर्धी करून तसाच उठलो, ते घरातल्यांनी दाखवल्यावर कळलं.

प्रेमावहिनींनी सांगितलं की तू गाडी विकतोयस. येत्या रविवारी उमरग्याचा कुणी माणूस येऊन घेऊन जाणार, बोलणं पक्कं झालंय. मी आधी हसलोच. वाटलं, आपल्या तिघांची थट्टा ऐकून ऐकून वहिनीही तयार झाल्या. दसऱ्याला जिच्या टाकीवर तू विभूतीची तीन बोटं ओढतोस, जिला परक्या माणसानं हात लावला तर तुझ्या कपाळाला आठ्या पडतात, ती गाडी तू विकणार? पण वहिनी हसल्या नाहीत. मग मी तुमच्या न्हाणीच्या कट्ट्यावर बसलो.

मला त्र्याहत्तरचा उन्हाळा आठवला. मी तेव्हा पाझर तलावांच्या कामांवर मजुरांच्या हजेऱ्या तपासत हिंडायचो. पाऊस नसल्याला वर्ष होत आलेलं, रस्त्यांवर घोट्याएवढा फुफाटा. माझी जावा मोटारसायकल अशी मधेच उभी राहिली आणि मी लाथा मारून मारून घामाघूम झालो. तू सोसायटीचा सचिव, चार गावांची दप्तरं कॅरियरला बांधून चालला होतास. थांबलास. ओळख ना पाळख, खिशातून पेचकस काढलास, त्याचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावलीस आणि मला लाथ मारायला सांगितलंस. मग डॉक्टरच्या थाटात म्हणालास, "दमा झालाय हिला. कार्बोरेटरात माती बसलीया." अर्ध्या तासात गाडी चालू. आणि जाताना माझ्या हँडलला टांगलेली पाण्याची बाटली तू न विचारता उचललीस आणि घटाघटा प्यालास. मी बौद्धवाड्यातला आहे हे तोवर बोलण्यात आलं होतं. त्या काळात, त्या पाण्याच्या ओढीतसुद्धा, ही लहान गोष्ट नव्हती. तुला वाटत असेल मी विसरलो. मी घरी जाऊन आधी हेच सांगितलं होतं.

त्यानंतर आपला रविवारचा गाड्यांवरचा फेरा कधी चुकला नाही. तात्याराव एसटीतून रिटायर होऊन बुलेट घेऊन आपल्यात आला आणि मग तर ताळच सुटला. आपल्या दोघांच्या टू-स्ट्रोक गाड्या धूर सोडतात म्हणून तो त्यांना चुली म्हणायचा. "आल्या का रं दोन्ही चुली?" हे त्याचं रामराम. तो गॅस्केट बदलायचा आळस करतो आणि त्याच्या गाडीखाली कायम ऑइलचं थारोळं असतं, म्हणून आपण म्हणायचो की तात्याची म्हैस जिथं बसेल तिथं सारवून उठते. आणि मी तुम्हा दोघांचा ऑइलचा कीर्तनकार. टू-स्ट्रोकला पेट्रोलातच ऑइल मिसळायला हवं, आधी ऑइल मग पेट्रोल, लिटरला चाळीस मिली, हयगय केली तर पिस्टन आतून जळून जाम होतो, हे मी पंपावर अनोळखी माणसांनाही थांबवून सांगायचो. तात्या म्हणायचा, "कोंडीराम पोरीच्या लग्नातबी आधी ऑइलचं माप इचारील, मग अक्षता टाकील." आपण तिघंही पन्नाशी ओलांडलेले, गुडघे कुरकुरणारे, पण ढाब्यावर बसलो की वयाचा हिशेबच राहायचा नाही.

गेल्या दोन वर्षांत तू पेचकसाची मूठ कानाला लावायचं सोडून दातात धरायला लागलास. मला तर आयतंच सापडलं. "विरुपाक्षाला आता इंजिन ऐकू येत न्हाय, त्याला ते चाखावं लागतं," असं मी ढाब्यावर दहा जणांत म्हणालो होतो. सगळे हसायला लागल्यावर मग तू हसलास. एकदा तात्यानं विचारलं, "वहिनींची तब्येत कशी हाय?" आणि तू म्हणालास, "चाळीसचं ॲव्हरेज देती, उतारावर जास्ती." आम्ही पोट धरून हसलो. वाटलं, मुद्दाम केलास. तू आमच्या तोंडाकडं बघून हसत राहिलास. तू हल्ली कायम भिंतीला पाठ लावून, आमच्याकडं तोंड करून बसायचास. कशालाही "व्हय व्हय" म्हणायचास. मला वाटायचं, म्हातारपणी स्वभाव गरीब झाला. इतकी वर्षं हजेऱ्या तपासल्या मी, कोण खरा हजर आणि कोण नावापुरता ते चेहऱ्यावरून ओळखायचो, आणि समोर बसलेला माझा जिवलग मला ओळखता आला नाही.

आता डिसेंबरातल्या त्या रविवारचं लिहितो. डावा हात अजून गळ्यात आहे, उजव्यानं लिहितोय. सकाळी नळदुर्गला माझी जावा खटखट आवाज करत होती. मी तुला दाखवली. तू पेचकस लावलास, दातात धरलास, डोळे मिटलेस आणि म्हणालास, "इंजिन ठणठणीत हाय. टाकीचा बोल्ट ढिला हाय फकस्त." बोल्ट आवळून दिलास. पंपावर पेट्रोल भरलं आणि तिघं निघालो. जळकोट चारेक किलोमीटर राहिलं असेल, गाडी साठाच्या वेगात, आणि मागचं चाक एकाएकी जागच्या जागी जाम झालं. क्लच दाबायलाही सवड मिळाली नाही. मी रस्त्यावर, गाडी माझ्यावरून पुढं घसरत गेलेली, आणि मागून येणारा ट्रक त्याच्या सरदारजी ड्रायव्हरनं कसा बाजूला ओढला ते त्यालाच ठाऊक. चाक माझ्या डोक्यापासून दोन हातांवर थांबलं. मला त्या टायरमधले खडे दिसत होते. तात्या पुढं निघून गेला होता, त्याला पत्ताही नव्हता. मागून तू आलास, गाडी तशीच टाकून माझ्याजवळ गुडघ्यांवर बसलास. आणि मी, खांद्याचं हाड मोडलेलं, तोंडात माती, तुझी कॉलर धरून जिवाच्या आकांतानं ओरडलो, "मारलंस की रं मला. तूच म्हणालास ना, काय न्हाय म्हणून?"

ते मात्र तुला ऐकू गेलं. तुझा चेहरा कसा पडला ते मी पाहिलं होतं. तेव्हा मला वाटलं, पडायलाच हवा.

त्यानंतर तू मला भेटायला आला नाहीस. मी दवाखान्यातून घरी आलो, तात्या रोज यायचा, तू नाही. मी मनात गाठ बांधून बसलो. तात्याजवळ म्हणालो, चूक झाली तर झाली, पण माणूस तोंड तरी दाखवतो. दीड महिना गेला आणि काल मात्र मला राहवेना. तुझ्याशी एक गोष्ट बोलायची म्हणून मी आलो.

अंगणाचं दार उघडं होतं. मी तुझ्या मागं सात-आठ हातांवर उभा राहिलो आणि हाक मारली. तू हलला नाहीस. वाटलं, रुसलायस. दुसऱ्यांदा मारली, जरा चढ्या आवाजात. तू स्पोकमधून फडकं फिरवत राहिलास. मी तिसऱ्यांदा ओरडलो तेव्हा शेजारच्या ओसरीवरची म्हातारी बाहेर डोकावली. तेवढ्यात न्हाणीतून येणाऱ्या वहिनींच्या हातून भरलेली पितळी कळशी फरशीवर पडली. कोपऱ्यातलं कुत्रं उठून पळालं. तुझी मान वळली नाही. पाणी वाहत तुझ्या पाटाखाली आलं तेव्हा तू खाली पाहिलंस, पाट जरा सरकवलास आणि पुन्हा पुसायला लागलास. विरुपाक्ष, ट्रकखाली जाता जाता वाचलो तेव्हाही मी इतका हादरलो नव्हतो.

वहिनींनी मला न्हाणीच्या आडोशाला नेलं आणि पदर तोंडाला लावून सगळं सांगितलं. दोन वर्षं झाली. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, कानातली हाडं आखडलीयत, या वयात उपाय नाही. मोठ्यानं आणि समोरून बोललं तर थोडं कळतं, बाकी तू ओठांवरून काढतोस. दातांतून मात्र अजून सगळं उमटतं, म्हणून तो पेचकस. तू शपथ घातली होतीस की कुणाला सांगायचं नाही, कोंडीरामला तर मुळीच नाही, कारण तो थट्टा सोडून कीव करायला लागेल. आणि त्या रविवारपासून तू जेवताना मधेच हात थांबवून म्हणतोस, "माझ्या कानापायी कोंडीरामचा जीव गेला असता." म्हणून गाडी विकायची. पुन्हा कुठल्या इंजिनाला हात लावायचा नाही. हे ऐकल्यावर मी तुझ्यासमोर यायला हवं होतं. मी मागच्या दारानं पळालो. वहिनींना वाटलं, मला रडू आवरत नाही. तेही खरंच होतं, पण मी त्यासाठी पळालो नाही.

मी तुझ्याशी जी गोष्ट बोलायला आलो होतो ती आता लिहितो. सोलापूरच्या ईरण्णा मिस्त्रीनं माझं इंजिन पंधरा डिसेंबरला उघडलं. मला बोलावून पिस्टन हातात दिला. एका अंगानं सोलून निघाला होता, काळानिळा. म्हणाला, "साहेब, बेअरिंग एक नंबर हाय, सगळं एक नंबर हाय. पेट्रोलात ऑइलच न्हवतं, गाडी काय करील?" मी त्यालाच वेड्यात काढलं. तिथंच गाडीची बाजूची पेटी उघडली, तर सकाळी भरून घेतलेली ऑइलची बाटली जशीच्या तशी, काठोकाठ. मग आठवलं. टाकी रिझर्व्हला लागलेली होती. पंपावर तात्या चुलींवरून काहीतरी बोलला आणि मी त्याला झणझणीत उत्तर द्यायला मागं वळलो. तेवढ्यात पंपवाल्यानं नळी टाकीत घातली. मी झाकण लावलं आणि हसत हसत लाथ मारली. तू दातांनी जे ऐकलंस ते बरोबर होतं. इंजिन ठणठणीत होतं. बोल्टच ढिला होता. तुझ्या हातून काहीही चुकलं नाही. मारणारा मीच होतो, स्वतःला, आणि मागून तूही येत होतास म्हणून कदाचित तुलाही.

हे मला गेले पाच आठवडे माहीत आहे. तात्याला सांगितलं नाही, घरी सांगितलं नाही. उलट जो विचारायला येईल त्याला सांगत राहिलो की विरुपाक्षानं तपासून दिली होती. ऑइलचा कीर्तनकार आणि बिनऑइलची गाडी, लोक तोंडात शेण घालतील, एवढ्याच भीतीनं. तू तिकडं जेवता जेवता हात थांबवत होतास आणि मी इथं अब्रू सांभाळत होतो. मला माझीच शिसारी आली आहे. तात्याला मी आज सकाळी सगळं सांगितलं.

काल तुझ्यासमोर का आलो नाही, ते हे. ही गोष्ट ओरडून सांगावी तर साऱ्या पेठेत जाईल, एवढी माझी छाती नाही. हळू सांगावी तर तुला ऐकू येणार नाही. म्हणून हे पत्र. पोस्टात टाकणार नाही, शनिवारी सकाळच्या एसटीनं मी स्वतः घेऊन येतोय. तू वाचत असशील तेव्हा मी समोरच बसलेला असेन. उमरग्याच्या माणसाला नाही म्हणून कळव. दोन्ही बाजूंना आरसे लावू, माझं हाड जुळलं की मी तुझ्या मागं चालवीन, मागची वाहनं माझ्याकडं. पण ते नंतर. आधी वाचून झालं की मान वर कर आणि माझ्याकडं बघ. मग ज्या शिव्या यायच्या त्या दे, मराठीतल्या संपल्या तर कानडीतल्या दे, आणि मोठ्यानं दे, गल्लीभर जाऊ देत. माझे कान शाबूत आहेत.

तुझाच,
कोंडीराम